खान्देशातल्या घरात ‘मी गे आहे’ हे कसं सांगावं

जळगाव, धुळे, नंदुरबार, या तीन जिल्ह्यांतल्या एखाद्या गावात नाहीतर तालुक्याच्या ठिकाणी तुम्ही राहता. आपला जीव आपल्यासारख्याच पुरुषावर, किंवा तुम्ही मुलगी असाल तर मुलीवर, जडतो हे तुम्हाला कळून चुकलंय. आता घरी सांगायचं का, कोणाला सांगायचं, कसं सांगायचं या विचाराने रात्र रात्र झोप लागत नाही. हा लेख तुमच्यासाठी आहे. मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातला, आता नोकरीनिमित्त जळगावला असतो, आणि या सगळ्यातून गेलेलो आहे.

पुण्या-मुंबईतल्या मुलांचे अनुभव वाचले की वाटतं, एका संध्याकाळी सगळ्यांना समोर बसवायचं आणि सांगून मोकळं व्हायचं. आपल्याकडे तसं जमत नाही. आपलं घर चार भिंतींत संपत नाही. ओट्यावर येऊन बसणारे काका, बांधाला बांध लागून असलेले चुलते, पत्रिकेत नाव राहिलं म्हणून दहा-दहा वर्षं न बोलणारी भाऊबंदकी, हे सगळं घरच आहे. तुम्ही आईला सांगता, पण तिला उत्तर या सगळ्यांना द्यायचं असतं. म्हणून माझं एकच सांगणं आहे, आणि पुढचं सगळं त्याच्याच भोवती आहे: तुम्ही तिथे नसताना तुमच्या बाजूने बोलेल असा एक माणूस आधी घरात तयार करा. बाकीच्या घराला मग सांगा.

आधी स्वतःशी

मला चौदा-पंधराव्या वर्षी कळलं. त्याला काय म्हणतात ते माहीत नव्हतं. गावात जे शब्द होते त्या शिव्या होत्या, ‘बायल्या’ आणि ‘छक्का’. त्या आपल्या वाट्याला येऊ नयेत म्हणून मी त्या दुसऱ्या एका मुलाला द्यायचो. ते मला आजही टोचतं. त्यामुळे पहिलं काम शब्दांचं. ‘गे’ म्हणा, ‘समलिंगी’ म्हणा, किंवा नुसतं ‘मला पुरुष आवडतात’ म्हणा. खोलीत एकटे असताना मोठ्याने म्हणा. स्वतःच्या कानाला सवय झाल्याशिवाय दुसऱ्यासमोर ते वाक्य घशाबाहेर पडत नाही.

काही गोष्टी पक्क्या माहीत असू द्या. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि आपल्या देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये तेच जाहीर सांगितलं. हा गुन्हाही नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला की दोन सज्ञान माणसांच्या संमतीने, खाजगीत असलेल्या संबंधांना भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ लागणार नाही. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तर ते कलमच नाही. लग्नाचा हक्क मात्र अजून मिळालेला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने तो विषय संसदेकडे सोपवला. या तारखा लक्षात ठेवा. घरात कोणीतरी ‘हे कायद्यात बसत नाही’ म्हणतंच. तेव्हा आवाज न चढवता तारीख सांगता आली की समोरचा जरा थांबतो.

आणि हेही ऐका: सांगितलंच पाहिजे असं कोणाचंही तुमच्यावर बंधन नाही. कोणी मित्र, कोणी प्रियकर, डेटिंग ॲपवरचा कोणी ‘घरी सांगत नाहीस म्हणजे भित्रा आहेस’ म्हणत असेल तर त्याला उद्या तुमच्या घरी राहायचं नाहीये. तुम्ही अठराच्या आतले असाल, किंवा फी, मेस, खोलीभाडं सगळं घरून येत असेल, तर दोन-तीन वर्षं थांबण्यात काहीही कमीपणा नाही.

पायाखालची जमीन

माझ्या ओळखीतल्या एका मुलाने बारावीनंतर भांडणाच्या तिरमिरीत सांगून टाकलं. त्याच रात्री फोन काढून घेतला, आठवड्यात कॉलेज बंद झालं, आणि पुढचे चार महिने तो नातेवाइकांच्या शेतात कापूस वेचत होता. मार्कशीट, दाखले, सगळं वडिलांच्या कपाटात. पळून जावंसं वाटलं तरी कुठल्या कागदावर जाणार?

म्हणून सांगण्याच्या निदान सहा महिने आधी एवढं करा. दहावी-बारावीच्या मार्कशीट, टीसी, आधार, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर यांचे फोटो डिजिलॉकरमध्ये किंवा स्वतःच्या ईमेलवर ठेवा. जमलं तर मूळ कागदही तुमच्या ताब्यात असू द्या. सिमकार्ड तुमच्या नावावर हवं. बऱ्याच घरांत पोरांचं बँक खातं वडिलांसोबत जॉइंट असतं, एटीएम कार्ड आईच्या डब्यात. तुमच्या एकट्याचं खातं उघडा आणि महिनाभर निघेल एवढे पैसे त्यात साठू द्या. आठ-पंधरा दिवस टेकता येईल असं एक घर मनात पक्कं असू द्या. आपल्याकडचे निम्मे लोक सुरतला नाहीतर पुण्याला असतात, कोणी मित्र, कोणी रूमवरचा जुना सोबती निघतोच. पण त्याला आधी विचारून ठेवा, रात्री अकराला भुसावळ स्टेशनवरून फोन करून नका विचारू. आणि दोन नंबर तोंडपाठ करा. फोन हातातून गेला की आपल्याला स्वतःच्या बहिणीचाही नंबर आठवत नाही.

यातलं बहुतेक कधी लागणार नाही, देव करो आणि न लागो. मला लागलं नाही. पण आईसमोर बसलो तेव्हा आवाज कापला नाही, याचं बरंचसं श्रेय त्या स्वतंत्र पासबुकाला आहे.

पहिला माणूस कोण

पहिला माणूस सर्वांत जवळचा असावा असं वाटतं. माझं मत थोडं वेगळं आहे. ज्याच्या पोटात गोष्ट राहते आणि ज्याच्या शब्दाला घरात थोडं तरी वजन आहे, तो पहिला. कॉलेजचा जिवलग मित्र प्रेमळ असेल, पण दोन पेग झाल्यावर बोलतो, तो नको. चुलत वहिनी समजूतदार असेल, पण तिचं आणि तुमच्या आईचं पटत नाही. तीही नको, कारण उद्या ही गोष्ट त्या दोघींच्या भांडणात वापरली जाईल.

अंदाज घ्यायला घाई करू नका. टीव्हीवर अशा एखाद्या जोडप्याची बातमी लागली की कोण चॅनल बदलतो, कोण हसतो, कोण ‘त्यांचं ते बघून घेतील’ म्हणतो ते पाहा. हे ‘त्यांचं ते बघून घेतील’वाले लोक फार कामाचे असतात. व्हॉट्सॲपवर लेख फॉरवर्ड करून परीक्षा मात्र घेऊ नका. खान्देशात कुठलाही मेसेज तीन तासांत फॅमिली ग्रुपवर येतो.

माझ्यासाठी ती व्यक्ती म्हणजे ताई. २०१४ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. ताई माहेरी आलेली, अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला. दुपारी सगळे आडवे झाले आणि ती ओसरीत पाय पसरून लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसली. मी तिच्यासमोर बसून कोयी बाजूला काढत होतो. अर्धं टोपलं झालं तरी तोंड उघडेना. शेवटी खाली मान घालूनच म्हणालो, ‘‘ताई, माझ्यासाठी मुलगी पाहू नका. मला मुली आवडत नाहीत. मुलं आवडतात. लहानपणापासून.’’ तिचा अडकित्ता थांबला. मग तिने एकच विचारलं, ‘‘आखो कोनले सांगेल शे का?’’ आणखी कोणाला सांगितलंयस का? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, ‘‘आता लगेच सांगू नको. मी आहे.’’ आणि पुन्हा कैरी फोडायला लागली. ते ‘मी आहे’ पुढची पाच वर्षं मला पुरलं.

सांगताना एवढं पाळा. वाक्य लहान ठेवा. ‘मला तुला एक फार भयंकर गोष्ट सांगायचीय’ अशी सुरुवात केलीत की समोरच्याच्या डोक्यात कर्ज, कॅन्सर, पोलीस सगळं येऊन जातं, आणि तुमची गोष्ट भयंकर आहे हे तुम्हीच ठरवून दिलेलं असतं. ‘चूक’, ‘माफ कर’ हे शब्द टाळा. हातात काही काम असेल तर बोलणं सोपं जातं, दोघांनाही एकमेकांकडे न बघण्याची सोय होते. आणि शेवटी स्पष्ट सांगा की हे तिसऱ्या कोणाला सांगायचं नाही, सांगायचं तेव्हा मी सांगेन.

आईला कधी, आणि कधी नाही

आधी कधी नाही ते. लगीनसराईत नाही. कापसाचे भाव पडलेले असताना, केळीवर रोग आलेला असताना, घरात कोणी दवाखान्यात असताना नाही. कोणी प्यालेलं असताना तर अजिबात नाही. कानबाईला नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते, पुण्या-सुरतेहून सगळे भाऊबंद घरी येतात, घर आनंदात असतं, आणि नेमकं तेव्हाच पोटातलं ओठावर येतं. मला दोनदा आलं. पण त्या दिवशी आईला रडायलासुद्धा एक कोपरा रिकामा मिळत नाही. तिला रडायला जागा असेल असा दिवस निवडा.

मी २०१९ च्या डिसेंबरात सांगितलं. शेतात भरीत होतं, आम्ही तिघंच: माय, ताई आणि मी. पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायला टाकलेली. माय एकेक गरम वांगं पाण्याच्या हाताने उचलून साल काढत होती. मी ताईला सांगितलं होतं तेच वाक्य सांगितलं. माय काही बोलली नाही. साल काढत राहिली, बोटं भाजत होती तरी पाण्यात बुडवायची थांबली, हे ताईने पाहिलं आणि तिच्या हातातलं वांगं काढून घेतलं. बऱ्याच वेळाने माय म्हणाली, ‘‘लोके काय म्हनतीन?’’ त्यावर मी काहीच बोललो नाही. उत्तर ताईने दिलं. म्हणाली, ‘‘लोकांना सांगायला कोण चाललंय?’’

त्या दिवशी माझ्या बाजूने बोलणारं दुसरं माणूस तिथे नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करतो.

त्यानंतर आठ महिने घरात हा विषय निघाला नाही. मला वाटलं, संपलं, तिने मला मनातून काढून टाकलं. पण गाडीवाल्यासोबत कळण्याच्या भाकरीचं पीठ येत राहिलं, ठेचा येत राहिला. मग एके रात्री फोनवर, जेवलास का विचारून झाल्यावर, ती म्हणाली, ‘‘तू एकलाच ऱ्हाशी का?’’ तू एकटाच राहणार का? आठ महिने ती या एका प्रश्नात अडकून बसली होती. आई-वडील गप्प बसले की नकार समजू नका. आपण स्वतःशी मान्य करायला दहा-दहा वर्षं घेतलेली असतात आणि त्यांनी भाकरी थापता थापता मान्य करावं अशी अपेक्षा धरतो.

ते काय विचारतील

प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. उत्तरं आधी मनात घोळवून ठेवा.

‘माझ्याकडून काय चुकलं?’ हा प्रश्न आईचाच असतो, आणि त्याचं उत्तर लगेच द्या, दोनदा द्या: काहीच नाही. तू एकाच हाताने दोघांना वाढवलंस, दादा तसा आहे आणि मी असा आहे.

‘कोणी शिकवलं? शहरात बिघडलास.’ शिकवून होत नाही. शिकवून होत असतं तर आजूबाजूची सगळी लग्नं, सगळे सिनेमे पाहून मी कधीच दुसरं काही शिकलो असतो. शहरात जाण्याआधीपासून हे होतं, वय सांगा.

‘लग्न केलं की होईल नीट.’ याचं उत्तर पुढे सविस्तर देतो.

‘म्हणजे तू हिजडा होणार?’ हा प्रश्न ऐकून चिडू नका, त्यांना खरोखरच फरक माहीत नसतो. शांतपणे सांगा की मी पुरुष आहे आणि मला पुरुष आवडतात. जन्माच्या वेळी पुरुष म्हटलं गेलं पण स्वतःला बाई किंवा तृतीयपंथी मानतात ती माणसं वेगळी. मात्र ‘छे, मी त्या लोकांसारखा नाही’ असं तुच्छतेने म्हणू नका. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. आपल्या आधी कितीतरी वर्षं रस्त्यावर उघडपणे उभं राहून सगळे टोमणे त्यांनी खाल्लेत.

‘म्हातारपणी कोण बघणार?’ खरा प्रश्न. याला थातूरमातूर उत्तर देऊ नका. साठवण, विमा, स्वतःचं घर, भाचरं-पुतणे, मित्र, आणि मिळाला तर जोडीदार. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडप्यांना जॉइंट खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. माझ्या मायला हे कळल्यावर जेवढा धीर आला तेवढा माझ्या कुठल्याच मोठ्या भाषणाने आला नव्हता. पासबुकावर नाव लागतं, म्हणजे काहीतरी आहे.

आणि ‘लोक काय म्हणतील’. या प्रश्नावर वाद घालू नका. तो प्रश्न खोटा नाही, लोक बोलतातच. घरच्यांना एवढंच सांगा की लोकांना काय सांगायचं ते आपण मिळून ठरवू. आमच्या घरी ठरलेलं वाक्य आहे: ‘त्याला लग्न करायचं नाही.’ बस. विचारणारा तीन वेळा विचारतो, चौथ्यांदा विचारत नाही.

वडील, आणि मामा

बऱ्याच घरांत वडिलांना समोरासमोर सांगण्याची गरजही नसते आणि ते शहाणपणाचंही नसतं. आपल्याकडे बापलेक शेतातल्या मोटारीबद्दल तासभर बोलतात, पण मनातलं एक वाक्य बोलत नाहीत. तिथे मध्ये कोणीतरी लागतं. खान्देशात मामाचा मान तुम्हाला माहीत आहे. मामा मवाळ असेल तर आईच्या परवानगीने त्याला सांगा. आईला डावलून नाही, तो तिचा भाऊ आहे. आमच्याकडे मामाने आबांना सांगितलं, विहिरीवर, दोघंच असताना. काय बोलणं झालं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. आबांनी त्या संध्याकाळी नेहमीसारखं विचारलं, परत कधी जाणार, आणि जाताना एसटी स्टँडवर सोडायला स्वतः गाडी काढली. त्याआधी दादा सोडायचा. आबांशी या विषयावर मी एक शब्दही बोललेलो नाही. बोलेन असंही वाटत नाही.

सगळ्या घरांत असं होत नाही. बाप हात उचलतो, जमिनीतला हिस्सा देणार नाही म्हणतो. हात उचलला तर त्या क्षणी पटवून देत बसू नका, तिथून निघा. ठरवून ठेवलेलं घर यासाठीच होतं. गरज पडली तर ११२ ला फोन लावा. हिश्श्याबद्दल एवढं लक्षात ठेवा की वडिलोपार्जित जमिनीतला तुमचा हक्क तुम्ही कोणावर प्रेम करता यावर ठरत नाही, पण रागाच्या भरात समोर ठेवलेल्या कुठल्याही हक्कसोड पत्रावर सही करू नका. कायद्याचा सल्ला हवा असेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन नंबर १५१००. तिथे कोणाला कोणत्या प्रकरणात मोफत वकील मिळतो ते विचारून घ्या.

स्थळं येतात तेव्हा

मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते इथे.

तुम्ही पंचवीसचे झालात, नोकरी लागली, की तुमचा बायोडाटा तुम्हाला न विचारता समाजाच्या ग्रुपवर फिरायला लागतो. ‘फक्त पाहून ये, कुठे लगेच लग्न आहे’ म्हणून तुम्हाला पोहे खायला नेतात. मग साखरपुडा, मग बस्ता, आणि एकेका पायरीवर मागे फिरणं अवघड होत जातं. मला ओळखणारे चार-पाच जण असेच मांडवात उभे राहिले. ‘घरच्यांचं मन मोडवलं नाही’ म्हणतात. मला त्यांचं दुःख कळतं. पण त्या मांडवात आणखी एक माणूस उभं होतं, जिला कोणीच काही विचारलं नव्हतं. तिच्या बापाने कर्ज काढलेलं असतं. तिला वर्षभर वाटत राहतं की दोष तिच्यात आहे, आणि सासू तेच बोलून दाखवते. आपल्या सुटकेसाठी दुसऱ्याच्या पोरीचं आयुष्य वापरायचं नाही. याला माझ्याकडे कुठलीही सवलत नाही.

त्यामुळे मुलगी पाहायला जाऊच नका, एकदाही. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नका; पुढचं वर्ष येतं. ‘मी लग्न करणार नाही’ हे एकच वाक्य, दर वेळी तेच, त्याच आवाजात. कारणं बदलत गेलात की प्रत्येक कारणावर तोडगा निघतो: पगार कमी आहे तर सासरा मदत करेल, पत्रिका जुळत नाही तर शांती करू. सुपारी फुटली असेल तरी मागे फिरा. चार दिवस घराची मान खाली जाईल. ती वर येते. लग्न झालेलंच असेल तर तो वेगळा आणि मोठा विषय आहे. तिला सत्य कळण्याचा हक्क आहे, आणि ते सांगण्याआधी एखाद्या चांगल्या समुपदेशकाशी आणि वकिलाशी बोला.

भगत, महाराज आणि डॉक्टर

घरचे कुठेतरी नेणारच. भगताकडे नेतील, बाहेरची बाधा म्हणतील. अंगारा लावून मोकळं होत असेल तर लावून घ्या, आईच्या समाधानापुढे चिमूटभर राखेचं काय. पण भूत उतरवतो म्हणून मारणं, चटके देणं, उपाशी ठेवणं, कोंडणं सुरू झालं तर तो २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. हे नेणाऱ्या नातेवाइकाला आधीच, शांतपणे सांगून ठेवा.

डॉक्टरकडे जायला मात्र घाबरू नका, फक्त डॉक्टर पारखून घ्या. मला स्वतःला पहिल्यांदा भेटलेल्या एका डॉक्टरांनी ‘सहा महिन्यांत नॉर्मल करतो’ म्हणून गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी दिवसभर झोप यायची, दुसरं काही झालं नाही. आज तसं करणं हे डॉक्टरी पेशातलं गैरवर्तन आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये सगळ्या राज्यांच्या वैद्यक परिषदांना तसं कळवलं. पहिल्याच भेटीत विचारा: ‘तुम्ही मला बदलायला सांगणार की मला हे ओझं वाहायला मदत करणार?’ उत्तर गुळमुळीत असेल तर उठा. चांगला डॉक्टर मिळाला तर मात्र आई-वडिलांनाही त्याच्याकडे न्या. पांढऱ्या कोटातला माणूस ‘याला काही झालेलं नाही’ म्हणाला की आपल्या दहा वाक्यांचं काम होतं.

मन फारच खचलं, जिवाचं बरंवाईट करावं असं वाटायला लागलं, तर उद्यावर ढकलू नका. टेलिमानस, १४४१६. सरकारी सेवा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, चोवीस तास. मित्राला फोन करायला लाज वाटते त्या रात्री हा नंबर लावा.

ॲपवर भेटताना

लहान गावात एकटं वाटतं आणि ॲपवर ‘तीन किलोमीटरवर’ कोणीतरी दिसतं, मन धावतं. धावू द्या, पाय सावकाश टाका. चेहऱ्याचा फोटो आणि उघडा फोटो एकाच चित्रात कधीच नको. आधी व्हिडिओ कॉल. पहिली भेट चहाच्या टपरीवर, मेहरूण तलावावर, जिथे चार माणसं आहेत तिथे. ‘मळ्यात ये’, ‘मित्राची रूम रिकामी आहे’ म्हणणाऱ्याकडे नाही. आपल्या माणसाला सांगून जा.

कोणी फोटो दाखवून पैसे मागितले तर पहिला रुपयासुद्धा देऊ नका. दिलेला रुपया दुसरा मागायला परत येतो. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट काढा, सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या नंबरवर तक्रार करा. धमकी देऊन पैसे उकळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे. ‘पोलिसांत गेलास तर तूच आत जाशील’ हे उकळणाऱ्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते खोटं आहे. एकट्याने पोलीस ठाण्याची पायरी चढवत नसेल तर वकिलाला सोबत घ्या.

मुलींसाठी

मुलींची वाट जास्त चढाची आहे, कारण लग्नाचा तगादा लवकर लागतो आणि फोन, बाहेर जाणं, कॉलेज हे सगळं एका रात्रीत बंद करता येतं. म्हणून शिक्षण आणि स्वतःचा पगार हातात येईपर्यंत शक्य तितकं गप्प राहणं हेच मी सुचवेन. होस्टेलवर राहून शिकता आलं तर सोडू नका. अठरा पूर्ण झाल्यावर कुठे राहायचं हे तुम्ही ठरवू शकता. घरच्यांनी कोंडलं आणि प्रकरण कोर्टात गेलं तर न्यायाधीशांनी मुलीशी एकटीशी, घरच्यांच्या दबावाशिवाय बोलावं, आणि तिला बदलण्यासाठी समुपदेशनाला पाठवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च २०२४ च्या निकालात सगळ्या न्यायालयांना सांगितलंय. वकिलाला ही तारीख सांगा.

मित्र आणि बाकीचे

मित्रांचं फार लिहीत नाही. दोन टिकतात, दोन जातात, एखादा वर्षाने परत येतो आणि काही न बोलता शेवभाजीचं बिल देतो. ऑफिसात सांगणं न सांगणं पूर्ण तुमच्या सोयीवर.

आपल्यासारखी माणसं शोधा, हे मात्र टाळू नका. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर मराठीत भरपूर लिहिलं. आईच्या भाषेत छापलेला शब्द आईच्या हातात देता येतो हे फार मोठं काम आहे. ‘स्वीकार’ नावाचा आई-बापांचा गट आहे, ज्यांची मुलं आपल्यासारखी आहेत अशा आई-बापांचा. मायला मी जे पटवू शकलो नाही ते दुसऱ्या एका आईने फोनवर पाऊण तासात पटवलं. मी बाहेरच्या खोलीत होतो. आतून आधी रडणं ऐकू आलं, मग बराच वेळ काही नाही, मग दोघी पापडाच्या पिठाबद्दल बोलत होत्या.

पुढे

होकार एका दिवसात येत नाही, आणि आला तरी तो शब्दांत सापडेलच असं नाही. माझ्या आयुष्यात आता एक जण आहे, चार वर्षं झाली. पहिल्यांदा तो घरी आला तेव्हा मायने त्याला पाहुण्याच्या ताटात वाढलं, ‘जळगावचा मित्र’ म्हणून शेजारी ओळख करून दिली, आणि रात्री त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. मी काही बोललो नाही. दुसऱ्या वर्षी अंथरूण माझ्या खोलीत होतं. त्याला तिखट सोसत नाही हे तिने लक्षात ठेवलं होतं.

आमच्या घरी कानबाईच्या प्रसादाच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, आणि ते रोट भाऊबंदकीबाहेर देत नाहीत. गेल्या श्रावणात मी दारात बसलो होतो. माय सुपासमोर बसून नावं घेत मुठी काढत होती. आबांची काढली, दादाची काढली, माझी काढली, दादाच्या पोराची काढली. मग तिचा हात पोत्याच्या तोंडाशी थांबला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, हात पुन्हा पोत्यात घातला, आणि नाव न घेता आणखी एक मूठ सुपात टाकली. वर चिमूटभर, सव्वा पुरी करायला.